एसीवाल्याची चौकशी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या खोलीच्या मागच्या खिडकीतून आत डोकावत होता.

मे महिना, दुपारचे बारा. लासुर्ण्यात बाहेर चिटपाखरू नव्हतं, उसाची पानंसुद्धा हलत नव्हती. मी केकवर क्रीम लावत होते, केसांना मैदा, नाकाच्या शेंड्यावर घाम… आणि खिडकीच्या गजांमागं एक अनोळखी तोंड. सावळं, घामेजलेलं, डोळे थेट आत.

मी किंचाळले नाही. लाटणं उचललं.

"ओ! काय बघताय?"

"एसी…" तो म्हणाला.

"एसी माझ्या तोंडावर बसवलाय व्हय?"

"न्हाय, बाहेरचं मशीन हितं खिडकीखाली हाय ना, म्हणून…" त्यानं लाटण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा लाटण्याकडं. "मी पुढच्या दारानं येतो."

"या. सावकाश या."

तेवढ्या वेळात मी तीन केक फ्रिजमध्ये कोंबले, मैद्याचा डबा पलंगाखाली सरकवला आणि टेबलावर चादर ओढली. तुम्ही म्हणाल, एसीवाल्यापासून केक कशाला लपवायचे? तर ऐका.

गेल्या वर्षी मला पलीकडच्या तालुक्यातलं एक स्थळ आलं होतं. पाहणं झालं, पसंती झाली, साखरपुड्याची तारीखही निघाली. मग एके दिवशी माती परीक्षणवाले म्हणून दोघं जण आले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना शेत फिरवून दाखवलं, मठ्ठा पाजला. जाता जाता त्यांनी माझ्याशीही गप्पा मारल्या. दिवसभर काय करतेस, कुठं जातेस… मी बावळट, कौतुकानं सांगत बसले. केक करते, पहाटेपासून एसी लावून काम करते, स्कूटीवरून वालचंदनगरपर्यंत पोचवून येते. आठ दिवसांनी निरोप आला, मुलगी गावोगाव हिंडते, घरात एसी दिवसभर जळतो, असलं आमच्याकडं चालायचं नाही. मातीचं पुढं काय झालं ते कोणीच कळवलं नाही.

आमच्याकडं स्थळाची चौकशी अशीच होते. सरळ दारातून येऊन कोणी विचारत नाही. कोणी खत विकायला येतं, कोणी म्हैस बघायला येतं. त्या निरोपानंतर आप्पा पारावर बसायला जायचे बंद झाले. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. आई मी बारावीत असतानाच गेली, त्यामुळं आप्पांच्या मनातलं काढून घेणारंही घरात कोणी नव्हतं. मी गल्लीत सांगून टाकलं, केक बंद केले. केक काही बंद झाले नाहीत. दादा लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला जातो, तो जाता जाता खोकी पोचवायचा. आणि मी दाराशी येणाऱ्या प्रत्येक माणसाकडं वाकड्या नजरेनं बघायला शिकले. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

त्यात आठवड्यापूर्वी महिपतीमामा नवं स्थळ घेऊन आले होते. इंदापूरचं, मुलाचं गाड्यांचं शोरूम. मी नको म्हणाले तर मामा म्हणाले, "तू कशाला बोलतीस? त्यांची चौकशी तर होऊ दे."

आणि नेमकं आताच माझं सगळं पणाला लागलं होतं. बारामतीत वहिदाआपांचं केकचं मोठं दुकान आहे. त्यांनी निरोप धाडला होता, पुढच्या शनिवारी तीन मजली केक करून आण, जमला तर लग्नांचे केक तुझ्याकडं. ते जमलं असतं तर मी आप्पांना ताठ मानेनं सांगणार होते, की मी माझ्या पायावर उभी आहे, माझ्या लग्नाची काळजी सोडा आणि पारावर जाऊन बसा.

तर असा हा घामेजलेला इसम माझ्या खोलीत आला. नाव रविराज. इंदापूरच्या खाजाचाचांच्या दुकानातून आलोय म्हणाला. आप्पांनी तिथं फोन केला होता हे खरं, पण दुकानाचं नाव काय कोणीही सांगेल!

"ह्या खोलीत कोण झोपतं?" त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"का?"

"माणसं किती त्यावर असतं."

"काय असतं?"

"गारवा," तो म्हणाला, आणि उगीचच लाजला. "दिवसाला किती तास चालतो?"

"दोन. रात्री झोपताना."

"फक्त दोन?"

"आमी काटकसरीनं राहतो."

त्यानं खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. वही! मातीवाल्यांकडंही वही होती.

"ह्याच्या आधी गॅस कधी भरला व्हता?"

"पाच वर्षांत कधीच न्हाय." मार्चपासून दोनदा भरला होता, दुसऱ्या दुकानाकडून. पण हा एसी सारखा राबतोय हे याला कशाला कळू द्यायचं?

"कुणी उघडला व्हता का? पाना-बिना लावला?"

"आमच्यात असल्या उचापती कोण करत न्हाय."

उचापत मीच केली होती. मोबाईलवर बघून बाहेरच्या मशीनचा नट आवळला होता, हाताला फोड येईस्तोवर.

त्यानं स्टुलावर चढून एसीची झाकणी उघडली आणि आतली जाळी ओढून काढली. जाळीवर पांढरा थर बसला होता. त्यानं तो चिमटीत घेऊन चोळला, वास घेतला.

"ही धूळ न्हाय."

पिठीसाखर होती ती. केकच्या क्रीमची.

"तोंडाला लावायची पावडर हाय," मी ठोकून दिलं.

"एवढी?"

"गोरी दिसावी म्हणून लावते. बास?"

त्यानं वरून माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"गरज न्हाय," तो हळूच म्हणाला. मग एकदम गडबडला. "म्हंजे… जाळीला. जाळीला पावडरची गरज न्हाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. उन्हानं डोळे दिपले म्हणून असेल, गाल मात्र तापले होते.

त्यानं जाळी नळाखाली धुतली, आतलं सगळं साफ केलं, मग बाहेरच्या मशीनला घड्याळासारखं काहीतरी लावून बराच वेळ बघत बसला.

"गॅस थोडा कमी हाय, भरतो. पाच वर्षांत पहिल्यांदाच म्हणताय आणि दोनच तास चालवताय, म्हंजे उन्हाळा निघंल." त्यानं नटावर बोट फिरवलं. "पण ह्या नटावर ताजे ओरखडे हायेत."

"उंदीर असतील."

"पाना घेऊन?"

तो ओठांच्या कोपऱ्यात हसला. हसताना बरा दिसत होता, हे मी तेव्हाही कबूल केलं असतं, कोणी विचारलं असतं तर.

निघताना दारात उभा राहून म्हणाला, "जाळी पंधरा दिवसांनी तुमी धुवायची. रिमोटचे सेल बघायचे. बास, एवढंच तुमचं काम. पाईपवर बर्फ धरला, आतनं पाणी टपकाय लागलं, प्लग गरम लागला का जळका वास आला… तर बंद करायचा आणि फोन करायचा. मोबाईलवर बघून काय करत बसायचं न्हाय."

मोबाईलचं याला कसं कळलं?

तो गेल्यावर मी मोनावहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, गाठलं.

"वहिनी, तो चौकशीला आलेला हाय. खोलीत कोण झोपतं विचारलं त्यानं. वहीत लिहून घेतलं!"

वहिनी भाजी निवडत होती. "दिसायला बरा हाय की पण."

"वहिनी!"

"अगं, खबऱ्या असला म्हणून काय झालं? डोळे हायेत ना त्याला. तुझ्याकडं बघत व्हता, घराकडं न्हाय."

मी फणकारून निघून आले. पण त्या 'गरज न्हाय'वर पुढचे चार दिवस मी मनातल्या मनात किती वेळा हसले ते माझं मला ठाऊक.

पाचव्या दिवशी तो पुन्हा आला. न बोलावता.

"कुणी फोन केला?" मी दारातच अडवलं.

"कुणी न्हाय. पाईपवर बर्फ धरतोय का बघाय आलो."

"एवढ्या उन्हात? इंदापूरहून? फुकट?"

"वाटंतच व्हतं."

"कुठल्या वाटंत?"

त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मी आत येऊ दिलं. त्यानं एसीखाली हात धरला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. खोलीत व्हॅनिलाचा वास भरून राहिला होता, मी कितीही खिडक्या उघडल्या तरी जात नव्हता.

"तुमच्या घरात कायम एक वास येतो," तो डोळे न उघडता म्हणाला.

"कसला?"

"वाढदिवसाचा."

मला हसू फुटणारच होतं. खरं सांगते, त्या क्षणी मी चादर ओढून त्याला सगळं दाखवलं असतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हां काकू… व्हय, लासुर्ण्यातच हाय. त्यांच्याच घरी." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता न्हाय बोलता येत. सांगतो नंतर."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कोण काकू?"

त्यानं फोन खिशात टाकला.

"इंदापूरच्या? शोरूमवाल्या?"

त्यानं मान खाली घातली. "व्हय. त्यांनी मला विचारलंय खरं, पण मी…"

"निघा."

"ऐकून तर घ्या…"

"गेल्या वर्षी माती नेली. आता काय वारा न्यायला आलाय? निघा म्हणते ना!"

त्यानं पिशवी उचलली. पायरीवर थांबला. "बर्फ धरला तर फोन करा. राग माझ्यावर असू द्या, मशीनवर काढू नका."

मी दार आपटलं. माझं बरोबर ठरलं होतं, मग आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. उलट इतकं वाईट वाटलं, की मातीवाल्यांच्या वेळीही एवढं वाटलं नव्हतं. ते दोघं परके होते.

पुढचे दिवस मी केकवर राग काढला. पहाटे पाचला एसी लावायचा, अठरावर, तो रात्री नऊलाच बंद. शुक्रवारी दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांचं काम होत आलं. फिकट गुलाबी क्रीम, कडेनं डाळिंबाच्या फुलांची नक्षी, सगळी हातानं केलेली. शनिवारी अकराला बारामतीत पोचायचं होतं.

आणि… टप्.

पलंगावरच्या चादरीवर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा. मी वर पाहिलं. एसीच्या कडेनं पाणी ओघळत होतं आणि वारा बाहेरच्यासारखाच गरम येत होता. मागं धावले, तर बाहेरच्या मशीनच्या पाईपवर बोटभर जाडीचा बर्फ. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन आणि पाईपवर बर्फ! परत आत आले, प्लगला हात लावला, तर चटका बसला. जळका वास येत होता.

कपाटावर पाना पडला होता. माझा हात त्याच्यापर्यंत गेला. पुन्हा नट आवळावा, काय सांगावं, होईलही सुरू… मग क्रीमचं एक फूल माझ्या डोळ्यांसमोर घसरून खाली आलं. मी मेन स्विच बंद केला आणि इंदापूरला फोन लावला.

"खाजाचाचा, लासुर्ण्याहून वृषाली बोलते. कुणालातरी पाठवा. दुसरं कुणी असंल तर बरं."

"दुसरा पुण्याला गेलाय बेटी. रविराजच हाय."

मी फुललेल्या केकाकडं आणि खचणाऱ्या क्रीमकडं पाहिलं. "पाठवा."

तो अर्ध्या तासात आला. या वेळी मी काहीच लपवलं नव्हतं. तीन मजले टेबलावर उघडे, मैदा, पिठीसाखर, रंग, सगळा पसारा. तो दारातच थबकला. केकाकडं असा बघत राहिला, की मला क्षणभर गरमीचा विसर पडला.

"हे तुमी केलं?"

"व्हय."

"आता सगळं खरं सांगा," तो म्हणाला. "डॉक्टरला आणि मला खोटं सांगून भागत न्हाय."

मी सांगितलं. रोज सोळा तास, अठरावर. मार्चपासून दोनदा भरलेला गॅस. आवळलेला नट.

"कुठल्या पान्यानं आवळला?"

"आप्पांच्या. ट्रॅक्टरच्या."

त्यानं डोळे मिटून घेतले. "ट्रॅक्टरच्या पान्यानं एसी!" आणि तो हसायला लागला. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"रडू नका," तो गडबडून म्हणाला. "ऐका. एसीचा गॅस काय पेट्रोल न्हाय संपायला. दोन महिन्यांत दोनदा भरावा लागला म्हंजे तो गळतोय. त्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याच दिवशी गळती शोधली असती."

"आणि तुमी खबरे हाय हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

"त्या दिवशी न्हवतोच. काकूंचा एसी मीच बघतो. मी हितनं गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, लासुर्ण्याला जातोस तर जरा घर बघ, पोरगी बघ. मी हो पण म्हणलं न्हाय आणि न्हाय पण म्हणलं न्हाय. मोठं गिऱ्हाईक. तेवढं माझं चुकलं."

मला भांडायचं होतं, पण वेळ नव्हता. "किती वेळ लागंल?"

"चार तास. पाईपचं तोंड कापून नव्यानं करायचं, प्लग बदलायचा, आतली हवा ओढून काढायची, मग गॅस."

"चार तासांत केकचं पाणी होईल!"

"फ्रिज?"

"एकच मजला बसतो त्यात."

"मग गल्लीत अजून दोन फ्रिज न्हायत का?"

होते. पण भर दुपारी गल्लीतून केक न्यायचा म्हणजे वर्षभर जे झाकून ठेवलं ते सगळ्यांच्या तोंडी द्यायचं. आप्पांच्या कानावर पुन्हा तेच बोलणं. मी त्या फुलांकडं पाहिलं. चार दिवस मान मोडून केलेली फुलं. आणि एकाएकी मला या लपवाछपवीचाच कंटाळा आला. मी काय चोरी केली होती?

सगळ्यांत मोठा मजला मी खालच्या पाटासकट उचलला आणि ओल्या पंच्याखाली धरून गल्लीत निघाले. वहिनी मधला घेऊन किराणा दुकानाकडं गेली, कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये ठेवायला. मी बानूबाईंच्या दाराशी पोचले. बानूबाई म्हणजे गल्लीची आकाशवाणी.

"अगं बया! हे तू केलंस?"

"व्हय. बंद केलंच न्हवतं. खोटं सांगितलं व्हतं."

"मग दडवत कशापायी व्हतीस? नातवाच्या बारशाला मी बारामतीहून आणला की गं!"

पाट आता जड लागायला लागला होता. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं कोणीतरी पाटाला हात लावला. आप्पा होते. शेतातून आले होते, डोक्याला टॉवेल तसाच. आम्ही दोघांनी मिळून तो मजला बानूबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवला. मग आप्पा तिथल्या ओट्यावरच बसले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायला लागले, "आत केक हाय आमच्या वृषालीचा. फ्रिज कुणी उघडू नका."

मी परतले तेव्हा रविराज मागं उन्हात बसला होता. बर्फ वितळला होता. त्यानं एका वाटीत साबणाचा फेस केला होता.

"या, बसा हितं. आता फक्त बघायचं. हलायचं न्हाय."

पाईपमध्ये त्यानं हवा भरली आणि स्पंजनं सगळ्या जोडांना फेस लावला. मी शेजारी उकिडवी बसले. आमची डोकी इतकी जवळ होती, की त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मागच्या उसातून कालव्याच्या पाण्याचा बारीक आवाज येत होता.

"काय दिसणार हाय?" मी कुजबुजले.

"गळती असली की फुगा येतो. कितीबी बारीक असू दे, लपत न्हाय."

आणि आला. मी आवळलेल्या त्याच नटाच्या कडेला एक फुगा हळूहळू मोठा झाला, उन्हात चमकला.

"सापडली!" मी त्याचा हात घट्ट धरला. आनंदाच्या भरात. मग सोडायचं राहूनच गेलं. तो फुग्याकडं बघतच नव्हता.

"काकूंना काय सांगणार?" मी विचारलं.

"काय सांगू?"

"मला काय विचारता? खबरे तुमी."

"विचारतील ते खरं सांगीन," तो म्हणाला, आणि हात सोडवून घेऊन पाईप कापायला लागला. कान मात्र लालबुंद झाले होते.

सहा वाजता खोली गार झाली. दुसऱ्या दिवशी वहिदाआपांनी केकाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे बारीक केले, आणि मला वाटलं संपलं सगळं. "पुढच्या महिन्यातली चार लग्नं तुझी," त्या म्हणाल्या. मी दुकानातच त्यांना मिठी मारली.

रविवारी सकाळी महिपतीमामा तणतणत आले.

"गेलं! इंदापूरचं स्थळ गेलं! त्या एसीवाल्यानं काय सांगितलं म्हाइताय का? म्हणला, पोरगी दिवसाचं सोळा तास काम करती, मनगटात कसब हाय. तिला घरात बसवून ठेवायचा इचार असंल तर त्या वाटंला जाऊ नका, तुमच्या पोराला झेपायची न्हाय!"

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा पानाला चुना लावत होते.

"मग खोटं काय बोलला त्यो?" ते म्हणाले, आणि पान तोंडात टाकून पाराकडं निघून गेले.

वर्षानं. मला दारात उभं राहून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघावंसं वाटलं. पण माझा स्वभाव कुठं जातो! संध्याकाळपर्यंत शंकेनं डोकं वर काढलं. शब्द सगळे खरे होते, मान्य. पण स्थळ मोडेल असंच बरोबर कसं सांगितलं? मुद्दाम? आणि मला न विचारता? माझ्याबद्दल माझ्याशिवाय सगळ्यांनी बोलायचं, हे पुन्हा तेच नाही का झालं?

सोमवारी मी स्कूटी काढली आणि इंदापूर गाठलं. बसस्टँडजवळ खाजाचाचांचं दुकान आहे, पुढं उघडलेली मशीनं, मागं एक टेबल. मागच्या टेबलाशी रविराज वाकून काहीतरी जोडत होता. मी दिसताच त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"ये बेटी," खाजाचाचा म्हणाले. "काय बिघडलं?"

"काय न्हाय चाचा. एका मुलाची चौकशी करायची हाय."

"कुठल्या?"

"तुमच्याकडं कामाला असतो त्या."

चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला. मागं वळून पाहिलं, मग माझ्याकडं. "अशी सरळ येऊन?"

"व्हय. दुसऱ्याला पाठवलं की काय व्हतं ते बघितलंय मी." मी पर्समधून कागद काढला. रात्री बसून बारा प्रश्न लिहिले होते. "घरी कोण कोण असतं?"

"आई हाय. बहीण श्रेया, कॉलेजात. बाप न्हाय."

"व्यसन?"

"चहा. दिवसाला सात-आठ."

"कामात कसा?"

"गिऱ्हाईक खोटं बोललं तरी मशीनचं ऐकतो."

"स्वभाव?"

"तुझ्या घरनं परत आला त्या दिवशी ह्यानं माझ्याच दुकानातल्या चांगल्या फ्रिजचा गॅस सोडून दिला, बघ आता काय समजायचं ते," चाचा म्हणाले. मग उठले. "मी चहा सांगून येतो. दोन दुकानं सोडून हाय, वेळ लागंल."

दुकानात आम्ही दोघंच राहिलो. मी पाचव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि त्याच्याकडं वळले.

"ते स्थळ मुद्दाम मोडलंत?"

"न्हाय. विचारलं ते खरं सांगितलं."

"सगळं?"

तो फडक्यानं हात पुसत राहिला. पुसून पुसून हात लाल झाले.

"एक न्हाय सांगितलं. शेवटी काकूंनी विचारलं, तुला कशी वाटली रे पोरगी. मी म्हणलं… ते मला नका विचारू."

"का?"

"चौकशीला गेलेला माणूस स्वतःच जीव लावून बसला असंल तर त्याची साक्ष कोण धरंल?"

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, कंडक्टर सोलापूर सोलापूर म्हणून ओरडत होता. मला ते सगळं लांबून ऐकू येत होतं. मला हा माणूस आवडत होता. खिडकीत दिसला तेव्हापासून असेल, नाहीतर फेसाच्या वाटीपासून. आणि तरीही राग होताच.

"मला आधी विचारायला पाहिजे व्हतं," मी म्हणाले. "काकूंना सांगायच्या आधी. सगळ्यांच्या आधी."

"व्हय. चुकलं माझं."

"मग आता विचारा की."

त्यानं फडकं खाली ठेवलं. एक पाऊल पुढं आला, थांबला, पुन्हा आला.

"वृषाली… तुमाला… मी चालंल का?"

एवढंच. ना फूल ना अंगठी, शेजारी एक पोट उघडलेलं मशीन, हवेत सोल्डरिंगचा वास. बारा प्रश्नांतले सात अजून विचारायचे होते. पगार, शेत, शिक्षण, नातेवाईक, सगळे महत्त्वाचे, वहिनीनं तर दोन खास लिहून दिलेले.

मी त्या कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

"चालंल," मी म्हणाले.

आणि ते सात प्रश्न विचारायचे राहिले ते राहिलेच.